कामकाजाची वेळ चार ते पाच

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी मुक्ताच्या शाळेत पालकसभा. मेघनाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आमची सून रजा मागायला दहादा विचार करणारी, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. अमोल नाशिकला, प्लांटवर. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. म्हणून आजोबा या नात्याने मी सोबत.

मिस म्हणाल्या, मुक्ता जूनपासून वर्गात एक शब्द बोललेली नाही. एक म्हणजे एक. रडत नाही, कुणाला त्रास देत नाही, चित्रं छान काढते. हजेरीला हात वर करते, तोंड उघडत नाही. जानेवारीअखेर तोंडी परीक्षा. तेव्हा बोलली तर पहिली, नाहीतर पुन्हा सिनिअर के.जी. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, घर में थोडा इंग्लिश बोलिए ना अंकल.

हीच मुक्ता घरी आमच्या डोक्यावर मिरे वाटते. वॉचमनशी हिंदीत भांडते. शेजारच्या बेन गुजरातीत बोलल्या तर गुजरातीत मान डोलावते.

परतताना मी आणि मेघना रिक्षात. आमच्या गल्लीशी आल्यावर म्हणाली, "बाबा, मी आठला निघते, साडेसातला येते. मी कधी बोलू हिच्याशी?" मी रिक्षाचे पैसे दिले.

घरी सुमनला लगेच तोडगा सुचला. बायको ती. म्हणे, "अहो, छत्तीस वर्षं सरकारी ऑफिसात इंग्रजीचंच खाल्लंत ना? मग शिकवा की नातीला."

बुधवार, १२ नोव्हें.

सुरुवात केली. सिट. ईट. कम हिअर. वॉश युवर हँड्स. मुक्ता सगळं बिनचूक करते. म्हणजे समजतं सगळं.

जेवताना वरणभाताचा घास हातात धरून विचारलं, "आबा, तू मोतीशी बोलतोस तसा माझ्याशी का बोलतोयस?"

मोती सोसायटीचा कुत्रा. वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्याच्याशी इंग्रजीतच बोलतात. सिट, गो, नो. मराठी माणसाची का कोण जाणे, ठाम समजूत आहे की कुत्र्याला मराठी कळत नाही.

दुपारभर हेच डोक्यात. या घरात मुक्ताशी आजवर जेवढं इंग्रजी बोललं गेलं, ते सगळं हुकमाचं. हुकमाला उत्तर काय द्यायचं? उठायचं, बसायचं, हात धुवायचे. बोलायची वेळ येतेच कुठे.

रविवार, १६ नोव्हें.

अमोलने मोबाइलवर काहीतरी उतरवून दिलं. चित्र येतं, नावाला बोट लावायचं. मुक्ताचं एकही चुकलं नाही. मोबाइल टाळ्या वाजवून दमला. तिच्या तोंडात मिठाची गुळणी ती गुळणीच. अमोल म्हणाला, लाजते, होईल हळूहळू. उद्या पहाटे हा जाणार.

लाजणं नाही हे. मला माहीत आहे. ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो.

ऑफिसात नवे साहेब आले होते तेव्हाची गोष्ट. दक्षिणेकडचे, बोलणं फक्त इंग्रजीत. फाइल माझी, टिपणी माझी, मसुद्याचं अक्षर न् अक्षर माझं. मीटिंगमध्ये म्हणाले, प्लीज एक्स्प्लेन. मी उभा राहिलो. वाक्य डोक्यात तयार होतं, पूर्णविरामासकट. तोंड उघडलं आणि आतून काही आलंच नाही. सगळे थांबले. शेवटी माझ्या हाताखालच्या पोराने समजावून सांगितलं, चुकतमाकत, पण सांगितलं. पुढे तो माझा साहेब झाला.

त्यानंतर मी बोलायचं ते कायम लिहूनच पाठवलं. इंग्रजी फोन आला की मला बाथरूमला लागायची. छत्तीस वर्षं इंग्रजी लिहिलं, बोललो नाही. सुमनला वाटतं नवरा फाडफाड बोलत असणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मुक्ताचं ते गप्प बसणं मी बघितल्याबरोबर ओळखलं. माझंच तिच्याकडे गेलं असेल.

बुधवार, १९ नोव्हें.

आज काहीतरी झालं. नीट लिहितो.

दुपारी कपाट आवरताना बिस्किटांचा जुना डबा निघाला. टाचण्या, दोन निब, आणि रबरी शिक्का. 'रिसीव्ह्ड', खाली तारखेची फिरती चाकं. निवृत्तीच्या दिवशी टेबल रिकामं करताना चुकून माझ्या पिशवीत आला होता. चुकून म्हणजे मुद्दाम. सोबतचं शाईचं पॅड वाळून खडखडीत झालं होतं, चार थेंब पाणी टाकलं तर जिवंत झालं.

मुक्ता शाळेतून आलेली. "मला हातावर मार ना." माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "असा नाही मिळत. अर्ज कर." अर्ज म्हणजे काय, म्हणाली. सांगितलं. आधी रिस्पेक्टेड म्हणायचं आणि समोरच्याचं नाव. मग सब्जेक्ट, म्हणजे कशाबद्दल. मग काय हवं ते. मग थँकिंग यू. आमच्याकडे साहेबांच्या शिपायालासुद्धा अर्ज करावा लागायचा, हेही सांगितलं.

तिने विचार केला. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, खुर्चीची पाठ माझ्याकडे केली, आणि पाठीमागच्या दांड्यांच्या आड उभी राहिली. माझ्याबरोबर बँकेत येते, काउंटर बघितलाय. दांड्यांमधून तोंड दिसत होतं.

"रिस्पेक्टेड आबा."

मग इतका वेळ गेला की मला वाटलं, संपलं.

"सब्जेक्ट, शिक्का. काइंडली गिव्ह. थँकिंग यू."

स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला. सुमन दारात येऊन उभी. मी शिक्का मारला, पण तारीख फराटली.

गुरुवार, २० नोव्हें.

ऑफिस रीतसर उघडलं. कामकाजाची वेळ चार ते पाच. अर्ज फक्त इंग्रजीत, फक्त तोंडी. रांगेशिवाय अर्ज घेतला जाणार नाही. रांगेत सुमनचाही नंबर, नाहीतर रांग कसली.

एका तासात अकरा अर्ज. पाणी, बिस्किट, पंखा लावणे, पंखा बंद करणे, पुन्हा लावणे. मला 'काइंडली डू द नीडफुल' शिकवल्याशिवाय राहवलं नाही. तिला फारच आवडलं. प्रत्येक अर्जाला जोडते.

मेघना रात्रीची आंघोळ घालताना बाथरूममधून, "बाबा, ही शाई जात नाहीये." जाऊ नयेच. सरकारी शाई आहे.

सोमवार, २४ नोव्हें.

आजची आवक : सब्जेक्ट, केस ओढले, आजीने. सब्जेक्ट, वेणी सैल हवी. सब्जेक्ट, मोतीला पोळी. सब्जेक्ट, आबा घोरतो.

शेवटचा अर्ज विचाराधीन ठेवला आहे.

मराठी शब्द मध्ये येतो तेव्हा मी थांबवत नाही. दुसऱ्या दिवशी तोच अर्ज शब्द बदलून येतो. तिला कुठून सापडतो, विचारत नाही.

शुक्रवार, २८ नोव्हें.

तिसऱ्या चॉकलेटचा अर्ज. मी शेरा मारला, रिग्रेट. कारण, टू आर ऑलरेडी सँक्शन्ड. मला वाटलं, रडेल. ती खुर्चीमागून हलली नाही. दांडा घट्ट धरला.

"रिस्पेक्टेड आबा. आय बेग टू स्टेट. यू आर राँग. वन फेल डाउन. मोती एट इट. सो आय एट वन ओन्ली."

हे मी शिकवलेलं नव्हतं. एक शब्दसुद्धा नाही. 'बेग टू स्टेट' सोडलं तर सगळं तिचं. आणि मला, छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या हेड क्लार्कला, तोंडावर यू आर राँग! मी आयुष्यात कुठल्या साहेबाला हे म्हणालो नाही, कागदावरसुद्धा नाही.

चौकशीअंती मोतीच्या मिशीला चॉकलेट आढळलं. निर्णय फिरवला. इतका आनंद मला बढतीच्या ऑर्डरनेही झाला नव्हता.

बुधवार, ३ डिसें.

सुमनचा अर्ज. पदर खोचून खुर्चीमागे उभी. "रिस्पेक्टेड सर. सब्जेक्ट, टी. माय नी पेनिंग. टुडे यू मेक. थँकिंग यू." मुक्ता टाळ्या पिटत नाचली. अर्ज मंजूर करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चहात साखर जास्त पडली, तर तक्रारही इंग्रजीतच आली.

सुमन मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा बसलेली बाई. लग्नानंतर आज पहिल्यांदा तिचं इंग्रजी ऐकलं, तेही माझ्याकडून काम करून घेण्यासाठी.

रविवार, १४ डिसें.

मुक्ताच्या फ्लेमिंगोच्या अर्जावर आठवडाभर शेरे चालले होते. सब्जेक्ट, पिंक बर्ड. अमोल घरी असल्याने आज निकाली काढला. सकाळी सगळे भांडुपच्या पंपिंग स्टेशनकडे खाडीवर. चिखलात लांब गुलाबी रेघ, जवळ गेल्यावर कळतं की पाय आहेत.

मुक्ताने अमोलची पँट ओढून विचारलं, "व्हाय दे आर स्टँडिंग इन वन लेग?" खुर्ची नाही, काउंटर नाही, रिस्पेक्टेडसुद्धा नाही. अमोल माझ्याकडे वळला. म्हणाला, "बाबा, काय केलंत हो?" मी म्हटलं, ऑफिस टाकलं. त्याला पक्ष्यांचं उत्तर येत नव्हतं. मलाही नाही.

बुधवार, १७ डिसें.

सगळं गोड चाललं की समजावं, माशी शिंकणार.

मेघनाला मिसचा निरोप. वर्गात अजून काहीही बोलत नाही. काल मेघनाच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल होता. मुक्ताला म्हणाली, से समथिंग ना बेबी. मुक्ताने सांगितलं, "रिस्पेक्टेड आंटी, सब्जेक्ट, नथिंग. युवर्स फेथफुली, मुक्ता." आंटी इतकी हसली की तिने आजूबाजूच्या चौघांना बोलावून पुन्हा म्हणायला लावलं. मुक्ता फोनसमोरून उठून गेली.

मेघना आवाज न चढवता बोलली, ते जास्त लागलं. "बाबा, असं कोण बोलतं आता? तिला हसतील." मी म्हटलं, बोलते आहे हे बघ ना. तर म्हणाली, "मी मराठी मिडियमची. पहिल्या नोकरीत एक वाक्य चुकलं, सहा महिने मला त्या वाक्याच्या नावाने हाक मारायचे. तिला नको ते. प्लीज, बंद करा हे ऑफिस."

मला राग आला होता. पण ती खोटं बोलत नव्हती. ज्याला हसले नाहीत, तोसुद्धा हसतील म्हणून जन्मभर गप्प बसतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

शिक्का डब्यात ठेवला.

सोमवार, २२ डिसें.

चार वाजता मुक्ता खुर्ची उलटी करून उभी राहिली. मी पेपर वाचत होतो. वाचत नव्हतो.

"ऑफिस बंद?"

"बंद."

"कधी उघडणार?"

वरून ऑर्डर आली आहे, म्हटलं. कोणाकडून, तर सांगता येईना. पाच वाजेपर्यंत उभी होती. मग खुर्ची स्वतःच सरळ करून ठेवली.

शुक्रवार, २ जाने.

नाताळची सुट्टी संपत आली. मेघना रोज घरी आल्यावर दमलेली असताना तिच्याशी साधं इंग्रजी बोलते. व्हॉट डिड यू डू टुडे. मनापासून करते बिचारी. मुक्ता म्हणते, "काही नाही." मराठीत.

तोंडीला चार आठवडे.

गुरुवार, ८ जाने.

आज नाही लिहिलं तर कधी लिहायचं.

अकराच्या सुमारास शाळेतून फोन, लगेच या. इतकंच. मेघना मीटिंगमध्ये, फोन बंद. मी आणि सुमन रिक्षात. सुमन देवाचं नाव घेत होती, मी रिक्षावाल्याचं.

फाटकातच फीच्या काउंटरवरच्या क्लार्कबाई भेटल्या. गोव्याकडच्या, पन्नाशीच्या. हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. त्यांनी सांगितलं ते असं.

मधल्या सुट्टीत वर्गातली रिया बाथरूममध्ये गेली आणि कडी अडकली. आतून रडायला लागली. मावशी पाणी भरायला खाली. बाहेर सात-आठ मुलं गोळा, सगळी नुसती ओरडतायत. त्यातून आमची मुक्ता निघाली. वर्ग ओलांडला, जिना उतरली, आणि तळमजल्यावर फीच्या खिडकीपाशी गेली. कारण शाळेत तेवढाच एक काउंटर आहे.

खिडकीपुढे दोन पालक उभे होते. मुक्ता रांगेत उभी राहिली. रिया वर रडतेय आणि ही आपली रांगेत, तिसरी! नंबर आल्यावर खिडकीजवळच्या स्टुलावर चढली, जाळीला तोंड लावलं, आणि संपूर्ण ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"रिस्पेक्टेड मॅडम. सब्जेक्ट, बाथरूम. आय बेग टू स्टेट दॅट रिया इज इनसाइड. डोअर इज नॉट ओपनिंग. शी इज क्रायिंग. काइंडली डू द नीडफुल. इमिजिएटली. थँकिंग यू."

बाई म्हणाल्या, मला आधी हसू आलं आणि मग कळलं की ही पोरगी खरं बोलतेय. शिपायाला घेऊन धावल्या. कडी तोडली. रिया सुखरूप, नाक लाल.

परत आल्या तर मुक्ता अजून स्टुलावरच. जाळीच्या खालच्या फटीतून हात आत घातलेला. बाईंना काही कळेना. मुक्ता म्हणाली, "माय स्टँप, प्लीज." बाई म्हणाल्या, तीस वर्षांत इतका योग्य अर्ज आला नव्हता. शाळेचा गोल शिक्का मारून दिला.

मुख्याध्यापिका, मिस, सगळ्या ऑफिसात. मिसना विश्वास बसत नव्हता. त्यांनी तिला पुन्हा म्हणायला सांगितलं. मला वाटलं, आता हिला हसणार. मुक्ताने शांतपणे सांगितलं, "मिस, डोअर इज ओपन नाऊ." म्हणजे आता अर्जाचं कारण उरलेलं नाही. बरोबर आहे.

घरी येताना विचारलं, अगं, रांगेत कशाला उभी राहिलीस? "रांगेशिवाय अर्ज घेत नाहीत. तूच सांगितलंस." नियम तातडीने दुरुस्त केला. कुणी रडत असेल तर रांग नाही.

मी रिक्षात रडलो. सुमनने बघितलं आणि बाहेर बघितल्यासारखं केलं.

बुधवार, १४ जाने.

संक्रांत. तिळगुळाचे लाडू या वर्षी दगड झालेत. सुमनला सांगायची कुणाची हिंमत नाही.

त्या दिवसापासून मेघना या विषयावर काहीच बोलली नव्हती. आज सुट्टी घेतली होती. बरोबर चारला जेवणाच्या टेबलाची खुर्ची उलटी केली आणि मागे उभी राहिली. काळी साडी, केसांत गजरा. तिच्या उंचीला वाकावं लागलं.

"रिस्पेक्टेड सर. सब्जेक्ट, रीओपनिंग ऑफ ऑफिस. आय बेग टू स्टेट दॅट आय वॉज अफ्रेड." इथे दांडा घट्ट धरला. "काइंडली डू द नीडफुल."

मी काही बोलायच्या आत मुक्ता माझ्या मांडीवर चढून बसली, डबा उघडला आणि आईच्या हातावर शिक्का हाणला. बांगड्यांच्या जरा वर. मेघनाने तो धुतला नाही. उद्या तसाच ऑफिसला जाणार म्हणाली.

सोमवार, १९ जाने.

रिया दुपारी आमच्याकडे आली. आता रांगेत खरे दोन अर्जदार. रियाला इंग्रजी येतं, पण अर्ज करता येत नाही. मुक्ता शिकवते. रिया मुक्ताला 'यार' शिकवते. "रिस्पेक्टेड आबा यार" असा एक अर्ज आला. नामंजूर.

गुरुवार, २९ जाने.

तोंडी परीक्षा. पालकांना आत परवानगी नाही, पण दाराला काच आहे. मेघना आणि मी काचेला नाक लावून.

मिस शहाण्या. खुर्चीचं मेघनाने त्यांना सांगितलं होतं; मुक्ता आत गेल्यावर त्यांनी स्वतः उठून एक खुर्ची उलटी केली. मुक्ता मागे उभी. आवाज ऐकू येत नव्हता, ओठ हलताना दिसत होते. पहिला प्रश्न. दुसरा. तिसऱ्याला मिसनी एक चित्र पुढे धरलं. मुक्ताला दांड्यांतून नीट दिसेना. ती खुर्चीच्या बाजूने बाहेर आली, मिसच्या टेबलाशी गेली, चित्रावर बोट ठेवून बोलायला लागली. बोलतच राहिली. मिस घड्याळ बघायला लागल्या तरी बोलत होती.

मेघनाने माझा हात धरला होता. सासऱ्याचा हात सून असा धरत नाही आमच्यात. तिच्या लक्षातही नव्हतं.

मिसनी बाहेर येऊन सांगितलं, पहिलीत गेली! मी जिंकलो. म्हणजे मुक्ता. म्हणजे आम्ही सगळे, मोतीसकट. दोन दुकानं फिरून पेढे आणले.

सोमवार, २ फेब्रु.

मुक्ताच्या डायरीत नोटीस. शुक्रवारी शाळेत आजी-आजोबा दिवस. खाली मिसच्या अक्षरात : मुक्ताच्या विनंतीवरून तिच्या आजोबांनी मुलांशी पाच मिनिटं इंग्रजीत बोलावं.

हिने काउंटरवर जाऊन अर्ज केला. सब्जेक्ट, माय आबा. मंजूरही झाला. माझं मत घेण्याची पद्धतच नाही.

अमोलला फोनवर सांगितलं, तर म्हणतो, बाबा, तुम्हाला काय अवघड आहे!

गुरुवार, ५ फेब्रु.

तीन दिवस मसुदा चालू. तीन पानं झाली. भाषा उत्तम आहे. दुपारी खोलीचं दार लावून मोठ्याने वाचायला गेलो, तर तेच. पहिल्या ओळीला घसा बंद.

संध्याकाळी सुमनला सगळं सांगून टाकलं. साहेब, मीटिंग, तो हाताखालचा पोरगा. लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यावर.

ती मेथी निवडत होती. म्हणाली, "अहो, घरात आलेला प्रत्येक इंग्रजी फोन तुम्ही माझ्या हातात देऊन बाथरूम गाठायचात. मी मॅट्रिक नापास. मी काय तेव्हा आंधळी होते?" मग देठं बाजूला सारून म्हणाली, "नाही आलं तर नाही आलं. पोरगी सहा महिने गप्प होती, तिला कुणी घराबाहेर काढलं का?"

मेथीच्या दोन जुड्या मी निवडल्या.

शुक्रवार, ६ फेब्रु. सकाळ

इस्त्रीचा शर्ट. मसुदा खिशात घडी करून ठेवला होता. मुक्ताने बघितला. हात पुढे केला, "पेपर नॉट अलाउड. ऑफिसमध्ये अर्ज तोंडी असतो." नियम माझाच. म्हटलं, पाच मिनिटं काय बोलू मग? म्हणाली, "रिस्पेक्टेड म्हण. मग पुढचं येतं."

मग पुढचं येतं. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

सुमन आत्ता कानात सांगून गेली. मुक्ताने सकाळी डब्यातला शिक्का आणि पॅड रुमालात बांधून दप्तरात ठेवलंय. कुणाला सांगायचं नाही, अशी आजीला तंबी आहे. आबा बोलला की सगळ्यांसमोर हातावर मारणार म्हणे. तारखेची चाकं तिने स्वतः फिरवून आजची केली आहेत.

हात धुऊन आलो. दोनदा रिस्पेक्टेड म्हणून बघितलं, आरशासमोर. आवाज येतो.

मसुदा टेबलावर ठेवला आहे. रिक्षा खाली उभी आहे, मुक्ता जिन्यातून हाक मारते आहे.